माजी सैनिक नायिकेची थरार कादंबरी कशी लिहावी

मराठीत युद्धाशी नाते सांगणाऱ्या स्त्रीसाठी दोन शब्द तयार आहेत, वीरपत्नी आणि वीरमाता. दोन्ही शब्दांत लढायला गेलेला माणूस दुसराच कोणीतरी असतो. जी स्त्री स्वतः गणवेश चढवून गेली, गोळीबारातून परत आली आणि पुढे कित्येक वर्षे झोप हरवून बसली, तिच्यासाठी ‘माजी सैनिक’ एवढा एकच शब्द उरतो, आणि तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. अशा स्त्रीला नायिका करून थरार कादंबरी लिहिण्याची इच्छा असलेल्यांसाठी हे टिपण आहे. या धाटणीची काही हस्तलिखिते माझ्या वाचनात आली आणि त्यांतील बहुतेकांत एकच उणीव दिसली. नायिकेचे लष्करी आयुष्य पहिल्या प्रकरणात प्रमाणपत्रासारखे दाखवले जाते, तिच्या मनाची जखम रात्रीच्या किंकाळ्यांपुरती येते, आणि मग जे रहस्य उलगडते ते कोणत्याही वकिलाने किंवा पत्रकाराने उलगडले असते तरी चालले असते. तसे होऊ द्यायचे नसेल, तर तिची जखम आणि कादंबरीचे रहस्य यांची गाठ एकच असली पाहिजे, म्हणजे एक सोडवल्याशिवाय दुसरे सुटता कामा नये. पुढचे सारे सांगणे या एका गोष्टीसाठी आहे.

आधी कमिशनचे साल ठरवावे

नायिकेचे नाव, गाव, स्वभाव नंतर ठरवले तरी चालते, पण ती अधिकारी कोणत्या वर्षी झाली हे पहिल्या दिवशी ठरवावे लागते, कारण भारतीय लष्करात स्त्रीला काय करता येत होते हे त्या सालावर अवलंबून आहे. डॉक्टर आणि परिचारिका म्हणून स्त्रिया सैन्यात फार पूर्वीपासून आहेत. इतर शाखांची दारे मात्र १९९२ च्या विशेष भरती योजनेने उघडली आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून त्यांची पहिली तुकडी १९९३ मध्ये बाहेर पडली. सुरुवातीला सेवा पाच वर्षांची होती, पुढे मुदत वाढत जाऊन चौदा वर्षांपर्यंत गेली. शाखाही मोजक्याच होत्या. रसदपुरवठा पाहणारी आर्मी सर्व्हिस कोअर, शस्त्रे-दारूगोळा पुरवणारी ऑर्डनन्स, शिक्षण आणि कायदा या आधी आल्या, मग संदेशवहनाची सिग्नल्स, इंजिनिअर्स यांसारख्या शाखांची भर पडली. तोफखान्यात पहिल्या पाच स्त्री अधिकारी २०२३ मध्ये दाखल झाल्या. पायदळ आणि रणगाडा दल यांत स्त्रियांना अजून प्रवेश नाही. त्यामुळे २००५ ची तुमची नायिका पायदळाची कंपनी घेऊन शिखरावर चढाई करताना दाखवली, तर ज्याला फौजेची थोडीफार माहिती आहे असा वाचक त्याच पानावर पुस्तक मिटेल. महाराष्ट्रात असे वाचक थोडे नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत आणि शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत तर गावाच्या नावातच फौज आहे.

मग तिला युद्ध दिसणार कसे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर असे की गोळी शाखा विचारून येत नाही. १९९९ च्या कारगिल संघर्षात हवाई दलाच्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता हेलिकॉप्टर घेऊन त्या परिसरात उड्डाणे करत होत्या. २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीयांच्या निवासस्थानांवर हल्ला झाला, तेव्हा मिताली मधुमिता या अधिकारी तिथे होत्या. त्या शिक्षण शाखेच्या होत्या आणि अफगाण सैनिकांना इंग्रजी शिकवण्याच्या कामावर गेल्या होत्या. ढिगाऱ्यातून सहकाऱ्यांना बाहेर काढण्याच्या त्यांच्या कामगिरीसाठी त्यांना शौर्याचे सेना पदक मिळाले. कागदोपत्री शिक्षिका आणि प्रत्यक्षात स्फोटाच्या मधोमध, ही विसंगती कादंबरीकाराने नीट न्याहाळावी. कारण जिला ‘तू लढाऊ नाहीस’ असे नियमच सांगतो, तिला आपल्यावर जे ओढवले ते युद्धच होते हे स्वतःला पटवून देणेही अवघड जाते. परत आल्यावर तिची जखम न ओळखली जाण्याचे मूळ येथे आहे.

उदाहरणासाठी एक नायिका उभी करू आणि शेवटपर्यंत तिलाच सोबत ठेवू. ती सातारा जिल्ह्यातील, २००५ मध्ये आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये कमिशन मिळालेली. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, आणि चौदा वर्षे भरताच २०१९ मध्ये निवृत्त, तीही निवृत्तिवेतनाशिवाय, कारण त्यासाठी तेव्हा वीस वर्षांची सेवा लागत असे. ती घरी परतल्यानंतर वर्षभराच्या आत, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, हक्क मान्य केला. हा निकाल तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दूरचित्रवाणीवर ऐकला, एवढे एक वाक्य तिच्या मनातील कडवटपणासाठी पुरेसे आहे. त्यावर आणखी दोन पाने खर्च करू नयेत.

घटना काल्पनिक असावी, रस्ता खरा असावा

तिच्यावर आघात करणारी घटना खऱ्या हल्ल्यावरून जशीच्या तशी उचलू नये. त्या हल्ल्यांत गेलेल्यांची कुटुंबे आहेत, आणि त्यांचे दुःख आपल्या कथानकाचे वळण होणे योग्य नाही. घटना आपली रचावी, पण ती जेथे घडते ती जागा मात्र तंतोतंत असावी. समजा, २००८ च्या हिवाळ्यात ती जम्मू–श्रीनगर महामार्गावर रसदीचा ताफा घेऊन जात आहे. आता साल पुन्हा महत्त्वाचे ठरते. चेनानी–नाशरी बोगदा २०१७ मध्ये खुला झाला, म्हणून तिचा ताफा कूद, पटनीटॉप, बटोत असा वरून वळसा घालूनच जाणार. बनिहाल–काझीगुंडचा नवा बोगदाही तेव्हा नव्हता, त्यामुळे पीरपंजाल ओलांडायला जवाहर बोगदा हाच मार्ग. बोगद्याच्या तोंडाशी गाड्या खोळंबतात, एकामागोमाग उभ्या राहतात, इंजिने चालू असतात आणि डिझेलचा धूर बर्फाच्या हवेत खाली बसतो. घटनेसाठी याहून चांगली जागा शोधायची गरज नाही.

या प्रवासातली एक बाब पुरुष लेखकांच्या हस्तलिखितांत मला कधीच आढळली नाही. दहा-बारा तासांच्या ताफ्यात एकटी स्त्री अधिकारी सकाळपासून पाणी कमी पिते, कारण मध्ये थांबल्यावर तिच्यासाठी आडोसा नसतो. डोके दुखते, ओठ सुकतात, आणि तशाच अवस्थेत तिला निर्णय घ्यावा लागतो. निर्णय चुकला की बरोबर ठरला हा तुमच्या कथेचा प्रश्न आहे, पण पुढे बारा-पंधरा वर्षे ती स्वतःला विचारत राहील की त्या दिवशी मी पाणी प्यायले असते तर वेगळा विचार केला असता का. असा क्षुल्लक वाटणारा प्रश्नच माणसाला पोखरतो.

जखमेचे स्वरूप नीट समजून घ्यावे

आघातोत्तर ताणविकाराला (पीटीएसडी) अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली. आजच्या निकषांप्रमाणे त्याच्या लक्षणांचे चार गट मानतात. घटना नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसते. तिची आठवण देणारी माणसे, जागा, विषय टाळले जातात. स्वतःविषयी आणि जगाविषयीच्या भावना काळवंडतात. आणि शरीर सतत सावध राहते. हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि जगणे त्यामुळे अडू लागले, तर निदान होते. काहींच्या बाबतीत पूर्ण लक्षणे सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात.

लेखकाचा मोह पहिल्या गटाकडे धावतो, कारण तो दृश्य आहे. दिवाळीचा फटाका वाजतो आणि नायिका पलंगाखाली शिरते, असे प्रसंग इतके झाले आहेत की वाचक त्यांवर आता थांबत नाही. आठवण चाळवणारी गोष्ट घटनेतूनच निघालेली असावी. आपल्या नायिकेला फटाक्यांचे फारसे काही वाटत नसेल, पण खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली, पुढे-मागे मालट्रक उभे राहिले आणि डिझेलचा धूर काचेतून आत आला की तिचे हात थंड पडतील. बरोबर असलेल्या भावाला काहीच कळणार नाही. तो आपला मोबाइल पाहत राहील, आणि ती पुढच्या गाड्या मोजत राहील.

टाळणे आणि सावध राहणे हे दोन गट थरार कादंबरीला अधिक उपयोगाचे आहेत, कारण त्यांतून कृती निर्माण होते. ती गाडी नेहमी बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावते, अनोळखी मोटारीचा क्रमांक आपोआप लक्षात ठेवते, नातेवाइकाच्या लग्नाला जाते पण मांडवात बसत नाही. घरच्यांना तो गर्व वाटतो. आई म्हणते, “साहेबीण झाल्यापासून माणसांत बसवत नाही हिला.” आईचे हे बोलणे चुकीचे आहे हे वाचकाला कळावे, पण त्यात प्रेम आहे हेही कळावे.

तिने सेवेत असताना हे कोणाला का सांगितले नाही, याचेही खरे कारण द्यावे. सैन्यात वैद्यकीय वर्गवारीसाठी ‘शेप’ ही पद्धत आहे आणि त्यातले पहिले अक्षर मानसिक स्थितीचे आहे. ते अक्षर घसरले की माणूस ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो, नेमणुका आणि बढती यांवर परिणाम होतो. जिला आधीच प्रत्येक ठिकाणी ‘बाई आहे, जमेल का’ या नजरेतून जावे लागते, ती स्त्री असा शेरा आपल्या कागदावर येऊ देणार नाही. यासाठी वेगळा खलनायक लागत नाही.

आघातोत्तर ताणविकाराहून वेगळी, पण त्याच्या शेजारीच राहणारी आणखी एक गोष्ट आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी तिला नैतिक जखम म्हटले. भीतीच्या मुळाशी ‘माझे काय होणार’ हा प्रश्न असतो. नैतिक जखमेच्या मुळाशी ‘मी काय केले’ किंवा ‘ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी काय केले’ हा प्रश्न असतो. माझ्या मते कादंबरीचे रहस्य याच प्रश्नात रोवावे. बोगद्याच्या तोंडाशी ताफा थांबवण्याचा आदेश नेमका कोणी दिला, हे तिला आठवत नाही. थांबलेल्या गाड्यांवर हल्ला झाला आणि तीन जवान गेले. आदेश आपलाच होता असे ती इतकी वर्षे मानत आली आहे.

यात एक काळजी घ्यावीच लागेल. या विकाराने ग्रासलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. नायिकेच्या आजाराला हिंसेचे कारण करून शेवटी ‘खून तिनेच केला होता, पण तिला आठवत नव्हते’ असा धक्का दिला, तर तो धक्का खऱ्या रुग्णांच्या अंगावर पडतो. असा शेवट मनात असेल, तर कृपया दुसरा शोधा.

रहस्याची रचना

आता वर्तमानातील कथा. २०२४ च्या हिवाळ्यात खंबाटकी घाटात एक निवृत्त हवालदार गाडीसह दरीत कोसळून मरतो. तो २००८ च्या ताफ्यात तिच्या गाडीचा चालक होता. चालवताना डुलकी लागली असे मानून पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. येथेही तारीख सांभाळावी, कारण १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि अशा मृत्यूच्या चौकशीचे जुने कलम १७४ आता १९४ झाले. हवालदाराची बायको तिच्याकडे येते आणि म्हणते, “मॅडम, हे घाटात झोपणारे नव्हते.” तिने ‘ताई’ म्हणू नये. नवऱ्याच्या तोंडचे ‘मॅडम’च तिच्याही तोंडी बसलेले असणार.

नायिकेने शोध घ्यायचा तो तिच्या शाखेच्या ज्ञानातून. ती मारामारीत निष्णात नाही, ती रसदेची अधिकारी आहे. किती किलोमीटरला किती डिझेल लागते, लादलेली आणि रिकामी गाडी चढावर कशी चालते, नोंदवहीतला कोणता आकडा नंतर भरलेला आहे, हे तिला एका नजरेत कळते. म्हणून पहिला धागा गाडीच्या नोंदवहीतून आणि पंपावरच्या पावतीतून निघू द्यावा. गाडी जेथून आली असे सांगितले जाते तेथून आली असती, तर टाकीत एवढे डिझेल उरलेच नसते. असा पुरावा वाचकाला फार आवडतो, कारण तो त्याला स्वतः पडताळता येतो.

संशयाची बाजू रचताना मी एक नियम पाळायला सांगेन. ती जे पाहते ते नेहमी खरे असावे. शंका घ्यायची ती फक्त तिने लावलेल्या अर्थाविषयी. पांढरी मोटार तीन वेळा दिसली, तर ती तीन वेळा खरोखरच आलेली असावी. ती पाठलाग करत होती की शेजारच्या गावातील दूधवाल्याची होती, हा पुढचा प्रश्न. हा नियम मोडून तिला भास होऊ दिले, तर वाचकाचा कोणत्याच पानावर विश्वास उरत नाही आणि आजाराचे चित्रणही खोटे पडते. अति सावध मन नसलेल्या गोष्टी पाहत नाही. असलेल्या गोष्टींत धोका वाचते. दहापैकी नऊ वेळा ती चुकते, हे तिलाही ठाऊक आहे. दहाव्या वेळी आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही तिची खरी भीती, आणि तीच कादंबरीचा ताण.

दुसरा धागा उपचारातून यावा. प्रदीर्घ संमुखता (प्रोलाँग्ड एक्स्पोजर) नावाची एक उपचारपद्धती आहे. तीत रुग्ण डोळे मिटून घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. हे सांगणे ध्वनिमुद्रित होते आणि त्याने ते घरी रोज ऐकायचे असते. कादंबरीकाराला याहून मोठी देणगी मिळणार नाही. तीच घटना पाच वेळा सांगितली जाते आणि दर वेळी एखादा तपशील वर येतो: बिनतारी संचावरचा आवाज, त्या आवाजाने उच्चारलेला एक शब्द, चालकाने वळून पाहिल्याचा क्षण. आणि ती मुद्रणे तिच्या मोबाइलवर आहेत. ज्याला २००८ चे सत्य दडवायचे आहे त्याच्या हाती तो मोबाइल पडला, तर तिला काय आठवू लागले आहे हे त्याला तिच्या डॉक्टरइतकेच कळेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या माहितीला गोपनीयता दिली आहे, पण चोरीला गेलेल्या मोबाइलपुढे तो कायदा उशिराच पोहोचतो.

तिसरा धागा चौकशीचा. अशा घटनेनंतर सैन्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. लष्करी नियमावलीतील नियम १८० प्रमाणे, ज्याच्या चारित्र्यावर किंवा लौकिकावर ठपका येऊ शकतो त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. नायिकेला ती मिळाली होती का? की ती तेव्हा रुग्णालयात होती आणि कागदावर मात्र तिची उपस्थिती लावली गेली? या एका सहीवर मधला सबंध भाग उभा राहू शकतो.

शस्त्रांविषयी थोडक्यात सांगतो. निवृत्त अधिकाऱ्याच्या कपाटात नऊ मिलिमीटरचे पिस्तूल असू शकत नाही. सेवेतील शस्त्र युनिटच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा होते, आणि नऊ मिलिमीटर हा व्यास सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. परवान्यावर मिळते ते साधारणपणे पॉइंट तीन-दोनचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. माझा सल्ला असा, की तिला शस्त्र देऊच नये.

माणसांशी कसे बोलावे

निवृत्त स्त्री अधिकाऱ्यांना भेटायचे, तर पहिल्या भेटीत गोळीबाराविषयी विचारू नये. बूट कोणत्या मापाचे मिळत, जेवण कोठे होई, सुभेदार साहेब पहिल्या दिवशी काय बोलले, घरून आलेले पत्र कोठे ठेवत, हे विचारावे. हत्यारे, ठिकाणे, हालचाली यांची गोपनीय माहिती मागू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे आणि बोलणाऱ्या व्यक्तीला अडचणीत आणणे हा विश्वासघात आहे. कोणी बोलता बोलता थांबले तर थांबू द्यावे, आणि त्या दिवशी वही मिटावी.

बोलीकडेही लक्ष द्यावे. फौजेत तिची भाषा हिंदी होती. जवान तिला मॅडम म्हणत, ती सुभेदाराला साहेब म्हणे, आणि संभाषणाचा आरंभ-शेवट ‘जय हिंद’ने होई. घरी ती आईशी साताऱ्याच्या बोलीत बोलते, पण रागावली की हिंदीत जाते. हिंदी वाक्ये मोजकी ठेवावीत, म्हणजे ती आली की घरातले सारे गप्प होतात हे वाचकाला ऐकू येईल. सरकारी खिडकीवर कोणी तिला विचारावे, “तुमचे मिस्टर कोणत्या पलटणीत होते?” आणि तिने खुलासा न करता आपले ओळखपत्र पुढे सरकवावे. तिचा राग शब्दांत लिहायची आवश्यकता नाही.

क्रियापदांकडून काम करून घ्यावे

शेवटी भाषेची एक युक्ती सांगतो, जी मराठीत सहज शक्य आहे आणि जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कादंबरीचे वर्तमान भूतकाळी क्रियापदांत लिहावे आणि २००८ ची घटना वर्तमानकाळी, कारण तिच्यासाठी ती संपलेलीच नाही. ‘मी ताफा थांबवते’ या वाक्यात ती स्त्री म्हणून, कर्ती म्हणून दिसते. ‘मी ताफा थांबवला’ म्हटले की क्रियापद ताफ्याच्या मागे जाते. आणि चौकशीच्या अहवालाचा मराठी अनुवाद तुम्ही पानावर द्याल, त्यात लिहिलेले असेल, ‘ताफा थांबवण्यात आला’. या वाक्यात कर्ताच नाही. कार्यालयीन मराठीची ही सवय आपल्या सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की हे वाक्य दोनशे पाने वाचकाच्या डोळ्यांसमोर असूनही आदेश कोणी दिला, ताफा कोणी थांबवला, हा प्रश्न त्याला पडणार नाही. नायिकेला तो एका रात्री पडू द्या. कादंबरीचा उलगडा त्या वाक्याला कर्ता मिळण्यात आहे.

आणि शेवटच्या प्रकरणात ती डॉक्टरांसमोर घटना पुन्हा सांगेल तेव्हा, कोणतेही स्पष्टीकरण न देता, पहिल्यांदाच सगळी क्रियापदे भूतकाळात लिहा. ती बरी झाली असे कोणी म्हणू नये. घाटातून जाताना ती अजूनही गाड्या मोजेल.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते प्रकाशकाआधी दोघांना वाचायला द्यावे, एक निवृत्त स्त्री अधिकारी आणि एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांनी खोडलेल्या ओळींसाठी भांडू नये. पुस्तकाच्या पहिल्या पानावर टेलि-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येते.